मामुली बोलण्याचा परवाना

जगात एक छंद असा आहे, की त्यात तुम्ही महत्त्वाचं काही बोलू नये अशी कायद्याचीच अट होती. हौशी रेडिओ हे त्याचं नाव. सगळं जग त्याला हॅम रेडिओ म्हणतं. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत कित्येक दशकं एक कलम होतं आणि दोन देशांतल्या हौशी मंडळींनी हवेतून एकमेकांशी काय बोलावं, ते त्यात सांगितलेलं होतं. आपापल्या यंत्रांच्या चाचण्यांबद्दल बोलावं. त्यापलीकडे खासगी काही बोलायचंच झालं, तर ते इतकं किरकोळ असावं की त्यासाठी तार करण्याचा किंवा फोन लावण्याचा विचार कुणाच्या मनातही येऊ नये. कारण उघड होतं. तार आणि टेलिफोन ही बहुतेक देशांत सरकारी खात्यांची मिळकत होती, आणि हौशी लोकांनी फुकटात निरोप पोचवून ती बुडवू नये एवढीच त्या खात्यांची इच्छा होती. पण कलम वाचणाऱ्याला मात्र वाटावं, की कुणा जाणत्या माणसानं मनुष्यस्वभावाचा नीट अभ्यास करून हे लिहिलंय. माणसं बोलणार, ती थांबायची नाहीत; तर निदान फालतूच बोलू द्या.

मी परीक्षा देऊन या छंदाचा परवाना आणला आणि गच्चीवर तार ताणली, तेव्हा घरात साहजिकच विचारणा झाली, की एवढा खटाटोप करून तुम्ही बोलणार काय? मी म्हटलं, "विशेष काही नाही." त्यावर बायको म्हणाली, "ते तर तुम्ही घरातही बोलता. त्याला परवाना लागत नाही."

२००३ साली जिनिव्हात जागतिक रेडिओ परिषद भरली आणि ती 'किरकोळ'ची अट गेली. आता खासगी बोलणं चालतं आणि ते कमी प्रतीचंच असलं पाहिजे असं काही उरलेलं नाही. मात्र त्याच परिषदेनं दुसरी एक गोष्ट ठणकावून सांगितली. आधीच्या नियमात 'साध्या भाषेत बोला' एवढंच होतं. आता असं ठरलं, की दोन देशांतल्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्याच्या हेतूनं कोणताही मजकूर सांकेतिक करू नये. म्हणजे महत्त्वाचं बोलायची मुभा मिळाली, आणि मिळाल्या मिळाल्या असंही समजलं, की जे बोलाल ते सगळ्या जगासमोर. याला अपवाद एकच. जमिनीवरून उपग्रहाला जे हुकूम द्यायचे असतात, ते गुप्त ठेवले तरी चालतात. 'इस्रो'नं ५ मे २००५ रोजी हौशी मंडळींसाठी हॅमसॅट नावाचा छोटा उपग्रह सोडला होता आणि तो २०१४ पर्यंत चालला. नियमाप्रमाणे त्याच्याशी कानात बोलायची परवानगी होती. आमच्यात खासगीपणाचा हक्क मिळवायचा तर पृथ्वी सोडूनच जावं लागतं.

बाहेरच्या माणसाला हे सगळं जरा उलटं वाटतं, कारण त्याच्या खिशातला फोन बरोबर याच्या विरुद्ध चालतो. २०१६ साली व्हॉट्सअ‍ॅपनं सगळ्यांच्या सगळ्या संदेशांना कुलूप घातलं. धाडणारा आणि घेणारा सोडला तर मधल्या कुणालाही, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. तेव्हापासून रोज पहाटे आमच्या एका काकांकडून गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू आणि खाली एक सुविचार, असा ऐवज बँकेच्या तिजोरीला शोभेल अशा बंदोबस्तात माझ्यापर्यंत पोचतो. तो वाटेत कुणी चोरून पाहिला नाही याची मला पक्की खात्री असते. कुणाला पाहायचा होता का, हा प्रश्न वेगळा. उलट हॅम रेडिओवर एखादा म्हातारा इंजिनीअर आपल्या गुडघेदुखीपासून ते अँटेनाच्या जोडणीपर्यंत सगळं उघड्या हवेत सांगत असतो, आणि तीन खंडांतली माणसं कान लावून ऐकत असतात.

आमच्या बोलण्यात आकडे आणि अक्षरं भरपूर, म्हणून नवख्याला हे सगळंच गुप्त वाटतं. निरोप घेताना आम्ही '७३' म्हणतो, म्हणजे शुभेच्छा. '८८' म्हणजे प्रेम आणि पापे. ते जरा जपून म्हणायचं असतं. आपलं ठिकाण 'क्यूटीएच', दुसऱ्याच्या प्रक्षेपणाचा त्रास 'क्यूआरएम', पोच 'क्यूएसएल'. ज्यांना तारेचा जमाना आठवतो त्यांना यात नवल वाटणार नाही. शुभेच्छांच्या तारेसाठी पोस्टात ठरावीक वाक्यांची क्रमवार यादी असायची; लग्नाचा आकडा वेगळा, दिवाळीचा वेगळा. तारमास्तर आकडा धाडायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. त्या यादीत गुपित काही नव्हतं, ती काउंटरवरच लावलेली असे. कायदा नेमका इथेच बोट ठेवतो. थोडक्यात बोलण्यासाठी संकेत वापरला तर हरकत नाही, लपवण्यासाठी वापरला तर गुन्हा. आकडा तोच असू शकतो. तपासायचा तो हेतू. आणि हेतूचा पुरावा एकच, की तुमच्या संकेतांची यादी कुणालाही मिळते की नाही.

डिजिटल संदेश आले तसं हे प्रकरण आणखी मजेदार झालं. पूर्वी आवाज असायचा किंवा मोर्सचं कडकट्ट. आता संगणक रेडिओला जोडायचा आणि त्यांचं ते बोलत बसतात. त्यातला सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे 'एफटी८'. २०१७ साली तो निघाला. तो रचणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर. हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ. जोडीनं फिरणारा पल्सार शोधल्याबद्दल १९९३ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. आकाशातून येणारी क्षीण कुजबुज कशी टिपायची हे ज्याला कळतं, त्यानं तेच कसब गच्चीवरच्या हौशी तारांसाठी वापरलं. एफटी८ मधलं संभाषण कसं असतं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे.

घड्याळ सगळ्यांचं एकसारखं लावलेलं. प्रत्येक पाळी १५ सेकंदांची. पहिल्या पाळीत मी पुकारतो: कुणी आहे का, माझी कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं माझं हवेतलं नाव, अमुक, माझा चौकोन एमके६८. पुढच्या पाळीत म्युनिकच्या बाजूचा कुणी उत्तर देतो: तुझी कॉल साइन, माझी कॉल साइन, चौकोन जेएन५८. मग मी म्हणतो: उणे १२. तो म्हणतो: मिळालं, उणे ९. मी म्हणतो: मिळालं, मिळालं, ७३. तो म्हणतो: ७३. संपलं. दीड मिनिटात दोन माणसं सहा हजार किलोमीटरवरून भेटली, एकमेकांचा आवाज किती क्षीण आहे एवढंच सांगितलं, आणि निघून गेली. पाऊस कसा आहे, मुलं काय करतात, काही नाही. मोकळं लिहायचंच असेल तर एका पाळीत १३ खणांची जागा मिळते, आणि त्यात फक्त मोठी रोमन अक्षरं, आकडे आणि दोन-चार चिन्हं. मी मोजून पाहिलं. रोमन अक्षरांत 'जेवलात का?' बसतं. 'काय चाललंय?' काटछाट करून बसतं. 'प्रकृती कशी?' बसत नाही. त्यासाठी 'तब्येत कशी' वर यावं लागतं. जुन्या नियमावलीला हवा होता तो किरकोळपणा कायद्याला शेवटपर्यंत जमला नाही, तो संगणकानं १३ खणांत करून दाखवला.

त्यातला चौकोन म्हणजे पृथ्वीच्या नकाशावर आखलेला तुकडा: रुंदी दोन रेखांश, उंची एक अक्षांश. आपल्याकडे हा चौकोन साधारण दोनशे किलोमीटर रुंद आणि शंभरेक किलोमीटर उंच भरतो, त्यामुळे त्यावरून कुणी तुमच्या घरी येऊन धडकेल अशी भीती नाही. आपल्या भागात मात्र या चौकोनांनी एक गंमत केली आहे. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेघ मुंबईच्या मधून, वरळी-परळच्या आसपास जाते. तिच्या वरचं दादर एमके६९ मध्ये आणि खालचा कुलाबा एमके६८ मध्ये. पुणंही एमके६८ मध्येच. म्हणजे हवेतून पाहणाऱ्या जर्मन माणसाच्या लेखी कुलाबेकर आणि सदाशिवपेठी एकाच गावचे, आणि दादरकर परका. हे मी एका पुणेकराला सांगितलं. तो म्हणाला, "कुलाब्याला कळवलंय का?"

तर असं हे संभाषण. पण ते दोघांपुरतं राहत नाही. जगभर हजारो संगणक नुसते ऐकत बसलेले असतात, आणि कुणी कुणाला कुठून कधी ऐकलं हे इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक नकाशावर आपोआप टाकत असतात. मी रात्री दोनदा 'कुणी आहे का' म्हटलं आणि उत्तर कुणीच दिलं नाही, तरी ऑस्ट्रेलियात आणि फिनलंडमध्ये माझी नोंद होते. आपल्याला ऐकलं तर सगळ्यांनी, बोललं मात्र कुणी नाही, हे त्या नकाशावर रंगीत ठिपक्यांनी स्पष्ट दिसतं. 'काल लवकर झोपलो' असं ज्याला दुसऱ्या दिवशी सांगायचं असेल, त्यानं या छंदात पडू नये.

याहून धीट प्रकार 'एपीआरएस'चा. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी तो उभा केला. गाडीतला छोटा रेडिओ दर थोड्या वेळानं आपली कॉल साइन आणि अक्षांश-रेखांश हवेत सोडतो आणि तो नकाशावर दिसतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही असे संदेश पुढे ढकलणारं हौशी यंत्र आहे, १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर. स्थानक डोक्यावरून जाताना खालून धाडलेला मजकूर चारशे किलोमीटर वर जातो, तिथून पुन्हा खाली सांडतो, आणि कुठल्या तरी देशातल्या केंद्रानं टिपला की इंटरनेटवर येतो. संदेशाची लांबी जास्तीत जास्त ६७ अक्षरं. नवरा-बायको दोघंही परवानाधारक असतील, तर 'येताना कोथिंबीर आण' हा निरोप अंतराळमार्गे देता येतो. फक्त तो जगातल्या कुणालाही वाचता येतो, आणि कोथिंबीर विसरल्याचा पुरावाही कायमचा राहतो.

एवढं सगळं उघड असताना हा छंद टिकला कसा, माणसं वैतागून निघून कशी गेली नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर त्याच आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे रेडिओ-संदेशांच्या गुप्ततेचं एक वेगळं कलम आहे. जे संदेश सर्वसामान्य लोकांसाठी नाहीत ते परवानगीशिवाय टिपणं आणि त्यांतला मजकूर फोडणं, या दोन्हीला प्रत्येक सरकारनं मनाई करावी, असं ते सांगतं. म्हणजे मी डायल फिरवताना चुकून जहाजाचा किंवा पोलिसांचा संदेश माझ्या कानावर पडला, तर तो कानावरच राहिला पाहिजे. हौशी मंडळींना दिलेल्या लहरींच्या पट्ट्यात बोलणाऱ्यानं लपवायचं नाही, आणि इतरत्र ऐकणाऱ्यानं सांगायचं नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मधल्या भिंतीतून शेजारच्या घरातलं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू येतं, आणि सकाळी गॅलरीत त्याच शेजाऱ्याला विचारायचं असतं, "काय, आज पाणी आलं का वेळेवर?" भिंत पातळ आहे हे दोघांना माहीत असतं, म्हणून बोलणारा जरा बेतानं भांडतो आणि ऐकणारा जरा बहिरा होतो.

आणखी एक कारण आहे. इथे कुणी निनावी नाही. बोलायला लागण्यापूर्वी कॉल साइन सांगायची. अमेरिकेत तर दर १० मिनिटांनी सांगायची आणि शेवटी पुन्हा. तिथल्या सरकारी नोंदीत त्या कॉल साइनपुढे नाव आणि टपालाचा पत्ता कुणालाही पाहता येतो. भेटीची खूण म्हणून आम्ही एकमेकांना जी क्यूएसएल कार्डं पाठवतो, तीही उघड्या पोस्टकार्डासारखी. पोस्टमननं वाचलं तर वाचलं. समाजमाध्यमांवर माणूस नाव लपवतो आणि मग मनातलं सगळं ओकतो. इथे नाव, गाव, चौकोन आधी सांगून झालेला असतो, त्यामुळे ओकण्याची सोयच राहत नाही.

आपल्या मुंबईत एकदा याच्या नेमकं उलट घडलं होतं. २७ ऑगस्ट १९४२ रोजी स्वातंत्र्यचळवळीतल्या भूमिगत काँग्रेस रेडिओचं प्रसारण सुरू झालं. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर बोलू लागले. केंद्र कुठे आहे, तर हिंदुस्थानात कुठे तरी. पोलीस लहरीचा माग काढत येतील म्हणून यंत्रं या घरातून त्या घरात हलवावी लागत. १२ नोव्हेंबरला ती मंडळी सापडलीच. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी परवाने रद्द झालेले, त्यामुळे परवाना वगैरे प्रश्नच नव्हता. तिथे ठिकाण लपवलं होतं. मजकूर मात्र जितके कान तितक्यांसाठी होता. बोलणाऱ्याच्या जिवावर बेततं तेव्हा नाव लपवणं हे शौर्य असतं. माझ्यासारखा गच्चीवर तार बांधून 'तब्येत कशी' विचारणारा माणूस नाव लपवायला लागला, तर तो नुसता संशयास्पद दिसतो.

आता खऱ्या भांडणाकडे येतो. ते अमेरिकेत झालं, बरीच वर्षं चाललं, आणि दोन्ही बाजूंना भली माणसं होती. 'विनलिंक' नावाची एक व्यवस्था आहे. भर समुद्रातला शिडाच्या होडीवरचा माणूस किंवा वादळानं वीज-टॉवर गेलेल्या गावातला स्वयंसेवक तिच्यामार्फत रेडिओवरून ई-मेल पाठवू शकतो. व्यवस्था उत्तम आहे, आणि आपत्तीत तिनं फार उपयोगाचं काम केलं आहे. तिच्यात जाणूनबुजून लपवलेलं काही नाही. मजकूर लवकर जावा म्हणून तो दाबून लहान करतात, इतकंच. पण लघुलहरींवर ही डाक वेगानं नेणारा एक मोडेम आहे, 'पॅक्टर'. त्याच्या वरच्या आवृत्त्या एका जर्मन कंपनीच्या आणि किंमत हजार डॉलरच्या वर. शिवाय दोन केंद्रं एकमेकांशी अशी बांधलेली असतात, की एखादा तुकडा नीट पोचला नाही तर तोच पुन्हा मागवता येतो. तिसऱ्या ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्याच्या हातून मधला एक तुकडा निसटला, की दाबलेला पुढचा मजकूर उलगडत नाही.

मग २०१८ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगापुढे अर्ज आला: हौशी पट्ट्यातला डिजिटल मजकूर कुणाही परवानाधारकाला साध्या साधनांनी वाचता आलाच पाहिजे. अर्जाच्या बाजूचे म्हणाले, ज्याला कुलूप नाही पण वाचताही येत नाही, ते उघडं कसं म्हणायचं? लोकांना वाचता येत नाही म्हणून काही दर्यावर्दी या फुकट डाकेतून धंद्याची पत्रं पाठवतात, आणि हवेवर लक्ष ठेवण्याचं काम ज्या हौशी लोकांनी आजवर स्वतःच केलं त्यांचेच कान बंद होतात. विरोधक म्हणाले, कायदा हेतू पाहतो आणि आमचा हेतू लपवण्याचा नाही; तुम्हाला मोडेम परवडत नाही हा आमचा गुन्हा कसा?

माझं मत पहिल्या बाजूला झुकतं, आणि त्यात पट्ट्याच्या मालकीचा प्रश्न आहे. हवेतले हे पट्टे कुणाच्या बापाचे नाहीत. मोबाइल कंपन्या त्यांच्या वाट्याच्या लहरींसाठी सरकारला कोट्यवधी रुपये मोजतात. आम्हाला हे पट्टे जवळजवळ फुकट मिळाले आहेत, आणि ते शिकण्यासाठी, प्रयोगासाठी, संकटात मदतीसाठी मिळाले आहेत. उघडपणा हे त्यांचं भाडं आहे. उद्या हौशी पट्ट्यात कुलपं चालू लागली, तर त्या कुलपामागे प्रयोग आहे की एखाद्या वाहतूक कंपनीचा रोजचा हिशेब, हे कुणालाही कळणार नाही. मग एखाद्या दिवशी सरकार विचारेल, तुम्ही त्या पट्ट्यात नक्की करता काय? आणि दाखवायला आमच्याकडे काही नसेल. जो टेलर आणि मंडळींनी एफटी८ ची सगळी कृती छापून मोकळी केली, कुणालाही तपासता येईल अशी. हाच हौशी धर्म.

विनलिंकच्या चालकांनी पुढे एक शहाणपणाची गोष्ट केली. हौशी रेडिओवरून गेलेले संदेश परवानाधारकांना पाहता यावेत अशी सोय त्यांनी २०१९ मध्ये करून दिली. मोडेम नसला तरी चालेल, बसा वाचत. आयोगानंही नोव्हेंबर २०२३ मध्ये लघुलहरींवरची ३०० बॉडची जुनी वेगमर्यादा काढून टाकली आणि त्याऐवजी २.८ किलोहर्ट्‌झ रुंदीची मर्यादा घातली. वेग वाढला तर वाढो, वाचता आलं म्हणजे झालं, इतपत समेट मनाशी करायला हरकत नाही. वाचायची सोय झाल्यावर मी स्वतःला विचारून पाहिलं, तुला परक्यांची पत्रं वाचायची आहेत का? पॅसिफिकमधल्या कुणा खलाशानं आपल्या बहिणीला कळवलेली वाऱ्याची दिशा मी किती वेळ वाचेन? दारावरचा हक्क हवा असतो; रोज जाऊन दार उघडायची इच्छा असतेच असं नाही.

पण या सगळ्यात एक जागा खरोखर अवघड आहे आणि तिथे विनोद चालत नाही. डिसेंबर २००४ मध्ये हॅम रेडिओवाल्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानातून हौशी रेडिओ कित्येक वर्षं बंद होता आणि जगभरचे हॅम तिथल्या कॉल साइनसाठी आसुसलेले होते. म्हणजे निव्वळ हौसेची मोहीम. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची दळणवळणाची साधनं पडली, आणि हौसेसाठी उभी केलेली तीच यंत्रं मुख्य भूमीकडे निरोप नेऊ लागली. कोण सुखरूप, कोणाचा पत्ता लागत नाही, घरच्यांना काय कळवायचं. अशा वेळी हवेत जी नावं उच्चारली जातात ती खरी असतात आणि ऐकणारा कोणीही असू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी मंडळी धावली, तेव्हाही याच प्रकारचे निरोप त्यांच्या हातून गेले. आपल्या नियमांप्रमाणे एरवी तिसऱ्या माणसाचा निरोप आम्ही नेऊ शकत नाही. संकटात ते दार उघडतं.

जखमी माणसाचं नाव, त्याची अवस्था, कुठल्या खोलीत ठेवलंय, हे सगळं उघड्या हवेत सांगावं का? अमेरिकेत २०१३ मध्ये एकानं अर्ज केला होता, की निदान आपत्तीत आम्हाला कुलूप वापरू द्या, रुग्णांची माहिती सुरक्षित राहील. हौशी मंडळींतूनच त्याला जोरदार विरोध झाला आणि आयोगानं तो फेटाळला. मला हा निकाल कठोर वाटतो आणि तरीही बरोबर वाटतो. संकटात सगळ्यांत मोलाचा असतो तो तिसरा ऐकणारा. मी बोलतोय, पलीकडचा ऐकतोय, पण मधेच त्याची बॅटरी गेली, वारा फिरला, लहर विझली. अशा वेळी कुठे तरी इंदूरला किंवा बंगळुरूला बसलेला कुणी तिसराच म्हणतो, "मला मिळालं, मी पुढे पोचवतो." कुलूप घातलं तर हा माणूस पहिला बाहेर राहतो. ज्याची ओळख नाही, ज्याला किल्ली देण्याची सवड नव्हती, नेमका त्याच्याच हातून निरोप पोचतो. रुग्णाची अब्रू राखायला दुसरा रस्ता आहे: सांगायचं तेवढंच सांगावं. "अमुक सुखरूप, अमुक ठिकाणी, घरच्यांनी काळजी करू नये." बाकीचं डॉक्टरांच्या कागदावर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पासवर्ड, पगार, तपासणीचे रिपोर्ट, मुलीच्या लग्नाची बोलणी, हे सगळं फोनवर राहू द्या, कुलपात. तिथे ते शोभतं. हवेत बोलायचं ते सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल असं बोला. नवीन डिजिटल प्रकार बनवाल तर त्याची कृती छापून टाका. आणि कधी दुसऱ्याचं काही कानावर आलं, तर मदतीला लागत नसेल तोवर ते पोटात ठेवा. आपल्याकडे या परवान्याची परीक्षा बारा वर्षांवरच्या कुणालाही देता येते. अभ्यास आवाक्यातला आहे. जरूर या. येताना महत्त्वाचं काही आणलंच पाहिजे अशी अट नाही. गुपितं मात्र घरी ठेवून या.